सुमनच्या मापाची रायफल

"बाबा, सावकाश या, घाई करू नका," असं नितीन फोनवर म्हणाला आणि मला कळलं की सुमन गेली. ती हॉस्पिटलात होती आणि मी तिची शाल न्यायला इथे अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँडच्या घरी आलो होतो. जिवंत माणसाकडे जाताना कोणी घाई करू नका म्हणतं का?... त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं, राग तेवढा राहिलाय. मी सातवी शिकलेला, जन्म लेथ मशीनवर गेला, तेव्हा गोड लिहिता येणार नाही.

राग त्या शोकसभेचा. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एकेक जण उठून बोलत होता. काकू म्हणजे सुगरण, काकू म्हणजे माया. एक बाई तर म्हणाल्या, काकूंनी कधी मुंगीलासुद्धा दुखवलं नाही. अहो, मुंगीचं काय घेऊन बसलात, तिने हरणं मारली, चांगली शिंगवाली! मी उठणार, तर नितीनने माझा हात दाबला. "बाबा, प्लीज, इथे नको." पडद्यावर फोटो दाखवत होते, त्यातला रायफल घेतलेला फोटो मुलानेच काढून टाकलेला. म्हणजे माझी बायको अर्धीच गेली म्हणायची, उरलेली अर्धी यांनी पुसली.

सुरुवात झाली ती शेजारच्या डोनामुळे. डोना विधवा, नवऱ्यामागे त्याचं रान तिच्याकडे आलेलं. तिने तिथे मारलेल्या हरणाचं मटण दिलं, सुमनने आपल्या पद्धतीचा तांबडा रस्सा केला. डोना नाक पुसत पुसत दोनदा जेवली आणि म्हणाली, पुढच्या वेळी तू पण चल. मी म्हटलं, या वयात? सुमन म्हणाली, "आयुष्यभर मटण खाल्लं, ते काय झाडाला लागत होतं? एकदा बघते तरी." वयामुळे तिला शिकारीच्या कोर्सची सूट होती, तरी तिने केला. टेलरकाम केलेली बाई, शिकल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही.

मग रायफल घ्यायची ठरली. नितीन आणि त्याचा मित्र लॅपटॉप उघडून बसले. शेवटी आपल्या लोकांनी आपलं तेच केलं, पोराला बूट घेताना करतो ते. घ्यायचं तर एकदाच, दणकट, पुढेही पुरेल असं! रेड्याला लोळवेल अशी मोठी रायफल पाच फूट उंचीच्या बाईच्या हातात दिली. चार वेळा सराव केला तर खांदा काळानिळा. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागली. हळदीकुंकवाला बायकांना तो डाग दिसला आणि कुजबुज सुरू झाली की काका मारतात. एकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, या देशात कायदे कडक आहेत हं." मी तिथेच पेटलो. घरी येऊन सुमनला सांगितलं तर ती हसून लोळली. "अहो, मला मारायची छाती आहे का तुमची?"

डोना तिला दुकानात घेऊन गेली. तिथल्या म्हाताऱ्याने एकेक रायफल तिच्या खांद्याला लावून पाहिली. हलकी, लहान गोळीची, आखूड दस्त्याची आणि मागे जाड रबर असलेली एक निघाली. म्हणाला, हरणाला एवढी पुष्कळ झाली. जिचा दणका तुला भीती घालत नाही तीच घे, गोळी पुढच्या पायामागे, काळजात बसली म्हणजे झालं. सुमन मला म्हणाली, "मी कधी बाईला वाढत्या अंगाचा ब्लाउज शिवला नाही, मग ते धूड घेताना माझी अक्कल कुठे होती?"

पहिल्या हंगामात तिने एकही गोळी झाडली नाही. हरीण आडवं उभं नाही, म्हणजे नेम धरायचा नाही. पुढच्या वर्षी, मी बरोबर होतो तेव्हा, एका गोळीत एक पाडलं. त्याच्या अंगावर हात ठेवला, मग म्हणाली, "चला, हात लावा, ऊन चढतंय." ते मटण याच बायकांनी बोटं चाटून खाल्लं, वर डबे भरून नेले. आणि आता म्हणे मुंगी!

मागच्या रविवारी नितीन आला. "बाबा, रायफल विकून टाकू. घरात नको. तुम्ही एकटे..." एवढं बोलून थांबला. कुठे थांबला ते मला कळलं. असा भडकलो! "बापाला एवढा भेकड समजतोस?" तो मान खाली घालून रडायला लागला. मी उठलो.

रायफल आणली. सुमन ती कोणाच्याही हातात देताना आधी उघडून दाखवायची, समोरच्याला आत बोट घालायला लावायची आणि तो 'रिकामी' म्हणाला तरच सोडायची. डोनालासुद्धा सूट नव्हती. मी उघडली. म्हटलं, "बोट घालून बघ." त्याने बघितलं. "रिकामी," म्हणाला. आई जिवंत असताना एकदाही त्या वस्तूला शिवला नव्हता. म्हटलं, ने तुझ्या घरी, कुलपात ठेव, पण विकलीस तर मला तोंड दाखवू नकोस.

परवा त्याचा फोन आला, नळी पुसायला तेल कुठलं लागतं? सांगितलं. आणि झापलंही, की हे आईला विचारायला काय झालं होतं?