ओझेलाची पट्टी

ओझेला व्हिटलो उंचीला सहा फुटांना बोटभर कमी. अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या दक्षिण भागात तिला न ओळखणारं घर शोधूनही सापडलं नसतं, कारण तिथल्या दोन पिढ्या शाळेच्या जेवणघरात तिच्या हातचं खाऊन वाढल्या होत्या. कितीही वांड पोरांची रांग असो, ओझेलाने नुसतं वळून पाहिलं की ती सुतासारखी सरळ व्हायची. रविवारी चर्चच्या गायकांमध्ये ती मागच्या ओळीत, पुरुषांच्या शेजारी उभी राहायची. तिचा आवाज त्यांच्यातलाच होता. खर्जातला, काकवीसारखा दाट.

तरुणपणी तिने 'सोल' ढंगाच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या होत्या, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. पण तिच्यासमोर तो विषय कुणी काढत नसे. एकदा कुणी काढला तेव्हा ती म्हणाली होती, "त्या रेकॉर्डी माझ्या नाहीत," आणि लोकांनी तो विनोद समजून सोडून दिला होता.

त्यामुळे लोक विसरलेल्या गायकांची गाणी नव्याने काढणाऱ्या एका लहान कंपनीतली रेनिटा बून नाव सांगत दारात उभी राहिली, तेव्हा ओझेलाने आधी वेगळीच चौकशी केली.

"बून? कुणाची गं तू? वॉकर अ‍ॅव्हेन्यूवरच्या बूनांची की नदीकडच्या?"

"वॉकर अ‍ॅव्हेन्यूवरच्या, मिस ओझेला. माझी आजी बायकांच्या हॅट शिवायची."

"मग आत ये. तुझ्या आजीची हॅट घालून मी तीन ईस्टर मिरवलेत. चौथ्या ईस्टरला ती वाऱ्याने नेली, नाहीतर अजून घातली असती."

ओझेला स्वयंपाकघरात मोहरीच्या पाल्याचे देठ काढत बसली होती. रेनिटाने समोर बसून आपलं काम सांगितलं. ओझेलाची सगळी गाणी एकत्र करून एक संच काढायचा. तेव्हाच्या रेकॉर्ड कंपनीकडच्या मूळ टेपा केव्हाच नाहीशा झाल्या होत्या, म्हणून तिने देशोदेशीच्या शौकिनांकडून जुन्या तबकड्या मिळवल्या होत्या आणि त्यांची खरखर काढून गाणी स्वच्छ केली होती. इंग्लंडात या गाण्यांवर लोक अजून नाचतात, हे ऐकून ओझेलाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

रेनिटाने बरोबर आणलेल्या यंत्रावर 'दार लोटून जा' हे गाणं लावलं. पातळ, गोड, लगबगीचा आवाज. जेमतेम सोळा वर्षांची मुलगी असावी.

ओझेलाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "गाते बरी. कोण ही?"

रेनिटा हसली. "तुम्हीच, मिस ओझेला."

"मी नव्हे. शब्द मी म्हटलेत, श्वास माझे आहेत. आवाज माझा नाही. इतकी वर्षं सांगतेय, पण ऐकतो कोण?"

"मी ऐकतेय," रेनिटा म्हणाली आणि तिने यंत्र बाजूला ठेवलं.

मग ओझेलाने पाल्याची परात बाजूला सारली.

डॅबनी नावाच्या माणसाची रेकॉर्ड कंपनी होती. ओझेलाचं गाणं त्याला आवडलं, आवाज मात्र पसंत पडला नाही. बाजारात तेव्हा कोवळ्या पोरींचे आवाज खपत होते. त्याने गाणी नीट ध्वनिमुद्रित केली आणि तबकडी कापताना टेप मुद्दाम वेगाने पळवली, म्हणजे आवाज चढतो आणि कोवळा वाटतो. नाव ठेवलं 'लिटल झेला'. पाकिटावर छापला भलत्याच शाळकरी मुलीचा फोटो. पहिली तबकडी हातात आली तेव्हा ओझेलाला वाटलं, आपलं गाणं दुसऱ्याच कुणाला तरी दिलंय. ती जाब विचारायला गेली, तर डॅबनी म्हणाला, "तूच आहेस ती. जरा घाईत आहेस, एवढंच."

"आणि कार्यक्रम?" रेनिटाने विचारलं. "लोकांसमोर काय व्हायचं?"

"फजिती. हेलेना गावी गायला गेले, तर क्लबचा मालक मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि विचारतो, लिटल झेला कुठाय, तुम्ही तिच्या आई का? म्हटलं, मीच ती. वाटेत वाढले."

रेनिटा खदखदून हसली. ओझेलाही हसली, पण पुढचं सांगताना तिचं हसू गेलं.

लोक बुचकळ्यात पडतात हे बघून डॅबनीने एक खरीखुरी लहानखुरी मुलगी गाठली आणि 'लिटल झेला' म्हणून तिलाच गावोगाव पाठवायला सुरुवात केली. ओझेलाला हे कळलं तेव्हा ती बसने क्लार्क्सडेलला त्या मुलीच्या कार्यक्रमाला गेली आणि गर्दीत जाऊन बसली. मुलगी भेदरलेली होती. तिने पहिलं कडवं कसंबसं ओढलं. दुसऱ्या कडव्याला ओझेलाने बसल्या जागेवरून, आपल्या आवाजात गायला सुरुवात केली. सगळ्या माना वळल्या. स्टेजवरची मुलगी गप्प झाली, पायऱ्या उतरून खाली आली आणि तिने माइक ओझेलाच्या हातात दिला.

"बिचारीचे हात बर्फासारखे गार होते," ओझेला म्हणाली. "मी गाणं पूर्ण केलं. घरी येऊन डॅबनीला सांगितलं, आपला संबंध संपला. आणि शाळेत कामाला लागले. रडत बसायला माझ्याकडे काय वेळ होता? पोरांना रोज भूक लागते."

रेनिटाने विचारलं, "या गाण्यांत वाजवणारं कुणी आहे का अजून?"

"एक आहे. मरत नाही आणि गप्पही बसत नाही."

तो म्हणजे लुशियस बिअर्ड, चर्चचा ऑर्गनवादक. दोघी चर्चमध्ये गेल्या तेव्हा तो ऑर्गनवर फडकं मारत होता.

"काय ओझेला, देवाला काही सांगायचं राहिलं होतं का रविवारी?"

"देवाला सगळं सांगून झालंय. तुला हातवारे करून सांगावं लागतं, म्हणून आले. ऐकू येतं का आज?"

"चांगलं काही असलं की येतं."

रेनिटाने गाणं लावलं आणि त्याला सोबत वाजवायला सांगितलं. लुशियसने आठवून पांढरी चार पट्टी धरली. जुळेना. काळी तीन धरली, तरी गाणं वर. पांढरी पाच धरली, तर खाली. तो थांबला.

"हे भूत कुठल्याच पट्टीत बसत नाही. आम्ही पांढरी चारमध्ये वाजवलं होतं, देवाशप्पथ."

"तुम्ही पांढरी चार धरून ठेवा," रेनिटा म्हणाली. तिने आपल्या यंत्रावर गाण्याचा वेग हळूहळू कमी करायला घेतला. ढोल आधी बसके झाले, मग भरीव. तुताऱ्यांचा किंचाळणारा सूर खाली येऊन रुंद झाला. ऑर्गनच्या सुराशी गाणं घासत होतं, घासत होतं, आणि मग घासणं थांबलं. दोन सूर एक झाले. रिकाम्या चर्चमध्ये तेवीस वर्षांची ओझेला व्हिटलो गात होती.

लुशियसने ऑर्गनवरचे हात उचलले नाहीत. ओझेला पुढच्या बाकावर बसली होती. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात श्वास चुकीच्या जागी घेतलाय."

रेनिटा यंत्र बंद करायला वाकली.

"परत लाव," ती म्हणाली. आणि या वेळी तिने डोळे मिटून घेतले.

रेनिटाने एकेक गाणं असंच ऑर्गनशी लावून घेतलं. लुशियसला ज्याची पट्टी आठवायची नाही, ते ओझेला गुणगुणून दाखवायची. गाण्यांचा क्रमही ओझेलानेच लावला. पहिल्या बाजूला सुरुवातीलाच संथ गाणं ठेवलं, तेव्हा रेनिटाला धाकधूक वाटली. "लोक आधी नाचायचं शोधतात, मिस ओझेला."

"आधी बसू देत. बसलेला माणूस नीट ऐकतो."

रेनिटाच्या कंपनीच्या मालकाला मात्र गाणी अशी संथ करणं पटेना. ज्यांच्या जिवावर संच खपायचा, ते शौकीन वेगवान गाण्यांवर जीव टाकतात, असं त्याचं म्हणणं. रेनिटाने त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं. शेवटी ओझेला म्हणाली, "लाव त्याला फोन."

फोनवर ती शाळेत पोरांशी बोलायची तसंच शांतपणे बोलली. "साहेब, तुम्ही मला जेवायला बोलावलं आणि माझ्या नावावर दुसरीच कुणी जेवून गेली, तर तुम्ही म्हणाल का ओझेला जेवली? मग झालं तर. पाकिटावर माझं पूर्ण नाव येईल आणि उभा फोटो येईल. पायांपासून डोक्यापर्यंत. उंची दिसली पाहिजे."

मालक काहीतरी पुटपुटला आणि कबूल झाला. आणि तेवढ्यात आडवा आला तो लुशियस.

"एक गाणं तेवढं वेगातलं राहू दे, ओझेला."

"तू कुणाच्या बाजूचा?"

"मी फॅनीच्या बाजूचा." फॅनी त्याची बायको, जाऊन दोन वर्षं झाली होती. "'दार लोटून जा' रेडिओवर लागलं, म्हणून तर ती माझ्याबरोबर नाचायला उठली. ते वेगातलंच होतं. संथ असतं तर माझे पाय कसे वेडेवाकडे पडतात ते तिने नीट पाहिलं असतं, आणि मग कसली लग्न करते."

ओझेलाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तो नजर चुकवून ऑर्गनचं झाकण उघडमीट करत होता.

"शेवटी," ती रेनिटाला म्हणाली. "अगदी शेवटी. आणि नाव लिही लिटल झेला. माझं नको."

संच निघाल्यावर तीन आठवड्यांनी, रविवारी, चर्चच्या मागच्या दालनात जेवण ठेवलं होतं. तळलेली कोंबडी, पाला, मक्याची भाकरी, आणि ओझेलाने स्वतः केलेला कॅरमलचा केक. पहिलं गाणं सुरू झालं तशी दालनातली कुजबुज विरत गेली. एक टक्कल पडलेला बस ड्रायव्हर ताट धरून तसाच उभा राहिला.

"मिस व्हिटलो, आम्हाला वाटाणे वाढताना हे गळ्यात होतं तुमच्या?"

"होतं की. तू वाटाणे खाली सांडायचास, म्हणून ओरडण्यात खर्च झालं."

इंग्लंडातले काही शौकीन कुरकुरले, हे रेनिटाने तिच्या कानावर घातलं. उरलेल्यांनी मात्र इतक्या प्रती मागवल्या की मालकाने पुन्हा छपाईला दिलं. ओझेलाने दोन्ही बातम्या सारखीच मान हलवून ऐकल्या आणि केक कापत राहिली.

शेवटचं गाणं लागलं. ती पातळ, लगबगीची पोरगी गायला लागली आणि तरुण मंडळी उठून नाचू लागली. लुशियस मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. ओझेलाने सुरी ठेवली, हात पुसले आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"ऊठ."

"माझे गुडघे बघ आणि मग बोल."

"गुडघे कोण बघतंय? गाणं वेगातलं आहे."

तो हसला आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. तिच्या काखेत बसेल एवढाच तो. तरी दोघं नाचले, आणि गाणं संपेपर्यंत त्याने एकदाही तिचा पाय तुडवला नाही.