शहाडच्या काठावर सोडलेलं उदक

माझी सगळी हयात मिठाच्या खात्यात गेली. होडीत नुसतं गवत आहे असं नावाड्याने सांगितलं की मी गवतात काठी खुपसायचो, आणि बऱ्याचदा खाली चोरीचं मीठ निघायचं. नोकरी संपून आता काही वर्षं झाली, पण ती काठी काही हातातून सुटली नाही. दारात कुणी पाणी मागायला आलं तरी कुठले, कोणाचे, इकडे कसे, एवढं विचारल्याशिवाय मी तांब्या उचलत नाही. बायको म्हणते, उत्तरं देता देता माणसाच्या घशाला आणखी कोरड पडते.

म्हणूनच कल्याणहून अण्णांचा निरोप आला तेव्हा त्यांनी मलाच का बोलावलं ते मला कळलं. अण्णा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मोठे दीर. मेहुणे गेल्यापासून आक्का त्यांच्याकडेच असते. निरोप असा होता की आक्का घर सोडून शहाडला नदीकाठच्या पडक्या धर्मशाळेत राहायला गेली आहे, तिथे कुणी सिंहलद्वीपाचा बौद्ध भिक्षू आहे, आणि तुम्ही ताबडतोब यावं.

बौद्ध माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आपल्या साष्टीच्या डोंगरातली लेणी बौद्धांची आहेत असं साहेबलोक म्हणतात. आमच्या लहानपणी ती पांडवांची होती, आणि पांडवांनी ती कधी विकली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. थोडक्यात, मी निघालो तो माणूस लबाड आहे हे ठरवूनच. लबाडी कुठली, एवढंच शोधायचं होतं.

ठाण्याहून सकाळची आगगाडी बरी पडते. खाडीच्या बाजूची जागा धरावी, आधी मिठागरं दिसतात, मग मुंब्र्याचा डोंगर. बोगद्यात शिरण्यापूर्वी तोंडावर उपरणं घ्यावं, नाहीतर उतरताना कोळसेवाल्यासारखं दिसायला होतं. बायकोने दशम्या आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं होतं, त्यामुळे वाटेत कुणाच्या हातचं खायची वेळ आली नाही. समोर उत्तनकडची एक किरिस्तांव बाई सुक्या मासळीची पाटी पायाशी घेऊन बसली होती. तिला भिक्षूबद्दल विचारलं, कारण मी सगळ्यांनाच विचारतो.

"तो पिवल्या कापडाचा पाद्री?" ती म्हणाली. "बाजारान येतो कटोरा घेवन. तोंड उघरीत नाय. कोनी घातला तर खातो, नाय घातला तर जातो."

"आणि बाटवतो कुणाला?"

"आमाला कोन बाटवील आता," असं म्हणून ती खिडकीबाहेर बघू लागली.

डोंबिवलीची शेतं आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. तिथे आमच्या वडिलांनी आक्काला दिलेली आमराई आहे. गाडीतून झाडांचे शेंडे तेवढे दिसतात. ते पाहिले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. विधवा बाई, तिच्या एकटीच्या नावाची आमराई, आणि काही न मागणारा साधू. गवताखाली मीठ कुठे आहे ते मला कळलं.

कल्याण स्टेशनावर टांगेवाला चार आणे म्हणतो आणि दोनात येतो. अण्णांचं घर पारनाक्याच्या अलीकडे. त्यांनी मला ओटीवर बसवलं, पानाचा डबा पुढे केला, आणि मुद्द्यावर आले. घाटावर पाऊस फसल्यापासून माणसांचे तांडे मुंबईकडे उतरत होते. शहाडला नदी ओलांडताना ती थकून पडायची. भिक्षू आणि आक्का त्यांना पाणी आणि पेज देत होते. जात न विचारता.

"ते एक वेळ प्रायश्चित्ताने निस्तरता येईल," अण्णा म्हणाले. "पण लोक म्हणतात तिने त्याच्या पुढ्यात उदक सोडलं. रोज सोडते. आमराई गेली असेल तर गेली, ती तुमच्या वडिलांची. पण धर्म गेला असेल तर या घरात तिला जागा नाही. मी तिकडे जाणार नाही. तुमच्याइतका संशयी माणूस माझ्या पाहण्यात नाही, तुमची खात्री पटली तर मला पुरे. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

आयुष्यात माझ्या संशयी स्वभावाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं. ज्यांच्याकडे उदक सोडण्याची रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात गाय, जमीन, काहीही दान द्यायचं तर हातावरून पाणी सोडतात. पाणी खाली पडलं की ती वस्तू आपली राहत नाही, ती परत मागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. शहाडला छकडा मिळतो, पण रस्त्याला खड्डे इतके आहेत की चालत गेलेलं कंबरेला मानवतं. तुम्ही जाणार असाल तर दुपारच्या आत पोचा. त्यानंतर भिक्षू अन्नाला शिवत नाही, पेजेची मडकी उपडी पडलेली असतात, आणि तुमच्याजवळ दशम्या नसतील तर उपास घडतो. नदी तिथे रुंद आहे. वर आगगाडीचा पूल, खाली होडीचा उतार. होडीवाला आगरी होता, त्याला होडी बांधताना गाठलं.

"ह्यो बाबा काय मागतो रे तुम्हा लोकांकडे?"

"काय नाय वो. मना बोलला, म्हातारी मानसा फुकट उतरव. मी बोललू, का म्हनून? तर नुसता बघीत ऱ्हायला."

"मग?"

"मंग काय, उतरवतंय ना फुकट," तो वैतागून म्हणाला.

हेही मी मनात टिपून ठेवलं. न बोलता माणसांकडून काम करून घेणारा माणूस बोलणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा.

धर्मशाळेचं अर्धं छप्पर गेलेलं. उरलेल्या अर्ध्याखाली वीसेक माणसं पडली होती, बायका, पोरं, पायांना चिंध्या गुंडाळलेले म्हातारे. वास असा की मी उपरणं नाकाला लावलं. भिक्षू एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम कोमट पाण्याने धूत होता. पन्नाशीचा, काळा, काटकुळा, डोकं तासलेलं, हळदीच्या रंगाचं वस्त्र गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी नाव सांगितलं.

"आक्काचा भाऊ," तो म्हणाला. "बसा. मी हात धुते आणि येते."

मराठी तो आक्काकडून शिकला होता, तेव्हा बायकांसारखंच बोलायचा. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. मला वाटलं, एवढा भोळेपणा आणायला पुष्कळ सराव लागतो.

मी आडून न विचारता सरळ विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

त्याने थोडा विचार केला. "उद्या आणखी तांदूळ मिळाला तर बरं. माणसं वाढली."

"ते नव्हे. शेवटी काय हवंय? पुढे?"

"पुढे पावसाळा. छप्पर लागेल."

लेण्यांच्या डोंगरात तो काही महिने राहून आला होता. त्याने सांगितलं, तिथे दगडात पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि जवळ अक्षरं आहेत, अमक्या टाक्याचं दान कल्याणच्या अमक्याने दिलं. "वाटसरूला पाणी द्यायचं हे तुमच्या गावचंच काम. मी नवीन आणलं नाही," तो म्हणाला. मी मान डोलावली. जुनी अक्षरं मला वाचता येत नाहीत, तेव्हा त्याने वाटेल ते सांगावं.

आक्का चुलीपाशी होती. विधवेचं लाल अलवण, कोपरापर्यंत राख, वाळून काटकी झालेली. मला बघून तिला ना आनंद झाला ना आश्चर्य वाटलं. "अण्णांनी पाठवलं ना तुला? थांब, वाढून होऊ दे," एवढंच म्हणाली. सगळ्यांना पेज वाढून झाली, मग तिने भिक्षूच्या कटोऱ्यात घातली. तो खाताना एक शब्द बोलला नाही. छान झालीय म्हणाला नाही की देव तुमचं भलं करो म्हणाला नाही. मला याचा राग आला. आमच्याकडे भिकारीसुद्धा आशीर्वाद देऊन जातो.

जेवण झालं आणि तो चटईवर ताठ बसला. आक्काने त्याच्यासमोर एक पितळी वाटी ठेवली, हातात तांब्या घेतला आणि डोळे मिटले. त्याने काही म्हणायला सुरुवात केली, संस्कृतासारखं पण संस्कृत नव्हे. आक्का वाटीत पाण्याची बारीक धार सोडू लागली.

माझ्या डोळ्यांसमोर आमराईचे शेंडे आले. मी दोन ढांगांत तिथे पोचलो आणि तिचं मनगट धरलं. तांब्या खाली पडून पाणी चटईवर पसरलं. पलीकडची पोरं रडायला लागली.

"आक्का, काय दिलंस याला? आमराई दिलीस?"

भिक्षूने म्हणणं थांबवलं. आक्काने माझ्या मुठीतून हात सोडवून घेतला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"अरे, याला काय करायचीय आमराई? याला झाडाखाली बसायलासुद्धा वेळ नाही."

"मग उदक कशावर सोडतेस?"

"बयोसाठी," ती म्हणाली.

बयो तिची मुलगी. तिचं एकुलतं एक मूल. दात यायच्या वयात तापाने गेली. एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. मेहुण्यांच्याने ते होईना म्हणून खाडीकाठच्या त्या जागेपर्यंत तिला मीच नेलं होतं. फडक्यात गुंडाळलेली होती आणि वजन काहीच लागत नव्हतं.

"तुझे मेहुणे गेले, त्यांना पिंड आहे, श्राद्ध आहे, वर्षाचं पाणी आहे," आक्का सांगू लागली. "तिला काय आहे? मी भटजींना विचारलं, अण्णांना विचारलं. एवढ्याशा पोरीला काही लागत नाही म्हणाले. लागत नाही हे त्यांना कुणी सांगितलं? हा म्हणाला, आपण जे चांगलं काम करतो ते गेलेल्या माणसाला देता येतं. वय विचारत नाहीत. सकाळपासून जेवढ्यांना पाणी दिलं, पेज दिली, ते सगळं मी दुपारी तिच्या नावाने सोडते. बाकी काही नाही सोडत."

खाली पडलेला तांब्या मीच उचलला. नदीवर जाऊन भरून आणला. आक्का परत बसली, भिक्षूने परत पहिल्यापासून म्हटलं. वाटी भरली आणि काठावरून पाणी वाहिलं. मग ती म्हणाली, "तू तिला उचलून नेलं होतंस. तुझ्याकडचं काही द्यायचंय का तिला? कुठलंही चालतं, फक्त बदल्यात काही न मागता केलेलं पाहिजे."

मी फार शोधलं. देवळाला दिलं होतं ते बढतीसाठी, ब्राह्मणभोजन घातलं ते मुलाच्या मुंजीत. तपासून पाहायची मला सवयच आहे. तपासलं आणि एकही गोणी पास झाली नाही. "आज नको," मी म्हणालो. आक्काने आग्रह केला नाही. वाटीतलं पाणी तिने धर्मशाळेच्या दारातल्या उंबराच्या मुळाशी ओतलं.

पाऊस लागून माणसं घाटावर परतेपर्यंत ती येणार नव्हती. उरलेल्या दशम्या मी तिथे ठेवल्या. भिक्षूने त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा म्हाताऱ्याच्या पायाकडे वळला.

कल्याणला अण्णा ओटीवर वाटच पाहत होते. "काय? आमराई?"

"आहे तशी आहे. धर्मही आहे. उदक ती बयोच्या नावाने सोडते."

"कोण बयो?" अण्णा म्हणाले.

मी सांगणार होतो. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून अण्णांच्या पत्नीचा आवाज आला. माझ्यासमोर त्या एरवी कधी बोलत नसत.

"धाकट्या भाऊजींची मुलगी. याच ओटीवर रांगायची."

अण्णांनी हातातल्या पानाच्या शिरा काढल्या. मग म्हणाले, "तिची खोली झाडून ठेवायला सांगतो." निघताना त्यांच्या पत्नीने दाराआडून तांदळाचं गाठोडं पुढे सरकवलं आणि शहाडला पोचवायची काही सोय करा म्हणाल्या. टांगेवाल्याला मी चार आणे देऊन गाठोड्यासकट तिकडे पाठवलं, या खेपेला घासाघीस केली नाही.

ठाण्याला परत आल्यावर लोकांनी विचारलं, भिक्षू खरा की खोटा? मी सांगतो, मला माहीत नाही. धर्मशाळेला छप्पर झाल्यावर तो काय करतो ते पाहायचं मी ठरवलं आहे. तुम्ही गेलात तर तुम्हीही डोळे उघडे ठेवा, आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

परवा भर उन्हात दारात एक माणूस उभा राहिला. डोक्याला मळकं मुंडासं, पाय फुटलेले, नजर इकडेतिकडे घराचा अंदाज घेणारी. माझ्या जुन्या खात्यात अशा माणसाची होडी मी तीनदा तपासली असती. पाणी म्हणाला. कुठले, हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी तांब्या उचलला आणि त्याच्या ओंजळीत धार धरली. तो पीत होता आणि मी बयोचं नाव घेत होतो. पाणी त्याच्या बोटांतून ओघळून उंबऱ्यावर पडलं.

तो कोण होता, मला माहीत नाही.