ईश आणि इश्श

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि नवऱ्याचं आपल्यापासून काही लपत नाही, असं ती चारचौघांत छातीठोकपणे सांगते. सांगू दे बिचारीला.

दोन हजार सालानंतरची वर्षं. मी सौदीत जुबैलला वेल्डिंगचा फोरमन होतो. कॅम्पात आम्ही चिपळूण-गुहागरकडची माणसं एकत्र जेवायचो. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे मटण. खोबऱ्याचं वाटप माझ्या हातचं. उगाच फुशारकी नाही, पण त्या वासाने पलीकडच्या खोल्यांतली माणसं काहीतरी निमित्त काढून डोकावून जायची.

आमचे जोड तपासायला डॅन नावाचा अमेरिकन इन्स्पेक्टर होता. गोरा नव्हे — तिथल्या मूळच्या लोकांतला, करुक जमातीचा. एवढा साहेब, पण एका शुक्रवारी आमच्यात मांडी घालून जेवायला बसला. जेवता जेवता सांगू लागला की त्यांची भाषा आता मरायला टेकली आहे, बोलणारी थोडी म्हातारी माणसं उरलीत, त्यांतली एक त्याची मावशी. तिनेच त्याला वाढवलं. तिच्याकडून शिकलेला एक शब्द त्याने सांगितला — ईश. ताटातलं मटण दाखवलं, ईश. मग स्वतःच्या दंडाला हात लावला, हेही ईश. मांस आणि अंग, दोन्हींना एकच शब्द.

किती मोठी गोष्ट सांगत होता माणूस! आणि मला काय दुर्बुद्धी आठवली? मी मान वेळावून म्हटलं, "इश्श!"

झालं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. डॅन गोंधळून बघत राहिला. काय झालं, विचारू लागला. तेव्हाच खरं सांगितलं असतं — की बाबा, आमच्या बायका लाजल्या की असं म्हणतात — तर तोही हसला असता. नसता का हसला? पण मी तोंड गंभीर केलं. म्हटलं, आमच्या भाषेतही हाच शब्द आहे. अन्नापुढे, वडीलधाऱ्यांपुढे मानाने म्हणतात. आणि म्हणायची पद्धतही शिकवली — मान खाली, नजर तिरकी, पदराचं टोक दातांत धरावं तशी दोन बोटं ओठांशी.

त्याचे डोळे भरून आले. मी पाहिलं. पाहूनही थांबलो नाही.

मग दर शुक्रवारी तो जेवणाआधी ते करायचा, मनोभावे. आणि आम्ही, बायकांचं तोंड न बघता राहिलेले बाप्ये, एकमेकांना कोपरखळ्या मारत खाली बघायचो. एकदा म्हणाला, मावशीला फोनवर सांगितलं की समुद्रापलीकडे आपला शब्द बोलणारी माणसं आहेत. म्हातारी हरखून गेली, म्हणे. पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावते. मी त्याला आणखी रस्सा वाढला. त्या दिवशी तरी बोलायचं! पण आता सांगितलं तर हा माझं तोंडही बघणार नाही, असं वाटलं. भित्रा होतो, दुसरं काय.

मग मावशी गेली. तो रजा काढून घरी गेला, परत आला, आणि चहाच्या सुट्टीत मला शोधत आला. म्हणाला, "तिच्याभोवती सगळे उभे होते, पण तिच्या भाषेत तिला निरोप द्यायला कुणाला धड येत नव्हतं. मला एकच शब्द खात्रीचा वाटला. तिचाही, तुमचाही. मी तिच्या अंगावर हात ठेवला आणि तुमच्या पद्धतीने म्हटलं."

आणि त्याने मला करून दाखवलं. तिथेच, पाइपांच्या ढिगाऱ्याशेजारी. मान खाली, नजर तिरकी, दोन बोटं ओठांशी. इश्श.

मला हसू आलं.

हो — तेव्हाही. पोटातून उसळून आलं. मी तोंड दाबलं, पाठ फिरवली, पण खांदे हलायचे थांबेनात.

त्याला वाटलं, मी रडतोय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.