फक्त कार्डवाल्याला

आखातात, अल मजाज भागातल्या इमारतीत आमच्या वरच्याच मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. कंपनीच्या कामासाठी ते सतत युरोपात फिरत. कुठल्या हॉटेलचं मेंबरशिप कार्ड घ्यावं, हे आम्ही सगळे त्यांनाच विचारायचो. दारात उभ्या उभ्या ते एका दमात सांगत, "पॉइंट्स विसरा. हॉटेल फुल असलं तरी खोली देतात का, तेवढं बघा." मग बोट वर करून म्हणत, "पण फक्त कार्डवाल्याला. तिथे खोटं चालत नाही."

एका संध्याकाळी मिलानहून माझ्या मुलीचा फोन आला. कॉलेजतर्फे प्रदर्शन बघायला ती एकटीच गेली होती. "बाबा, माय बुकिंग इज गॉन. एव्हरीथिंग इज फुल." मी तसाच वर धावलो.

त्यांनी माझं ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि थेट हॉटेलला फोन केला. पलीकडून नकार येत असावा. मग ते इंग्रजीत, एकेक शब्द तोलून म्हणाले, "मी स्वतः येतोय. माझी मुलगी आधी पोहोचेल." फोन ठेवून म्हणाले, "मिळाली खोली. तिला टॅक्सीने जायला सांगा, यल्ला, लवकर."

पुढे हॉटेलने चौकशी करून त्यांचं कार्ड रद्द केलं. मला ते त्यांच्या बायकोकडून कळलं. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाले, "हॉटेलवाल्यांचं काही चुकलं नाही हो. आत या, चहा घेऊ."