काशीरामने घासलेला कलश

घाटकोपरच्या असल्फ्यात काशीराम पडवळचा क्रोम चढवायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, तीन टाक्या आणि घासून चकाकी आणायचं, बफिंगचं एक मशीन. पण पाटीवर कारखाना लिहिलं होतं, तर आपणही तसंच म्हणू. फियाटचे बंपर, चाकांच्या टोप्या, स्कूटरचे गंजलेले हँडल त्याच्याकडे यायचे आणि लखलखून परत जायचे. टोपीत तोंड बघून आपल्या मिशीचे केस मोजता आले, तरच माल गिऱ्हाइकाच्या हातात पडायचा. "वर क्रोम कितीही चढवा, खाली ओरखडा राहिला की तो चुगली करणारच," हे तो प्रत्येकाला ऐकवायचा, कोणी विचारलं नसलं तरी.

सत्त्याऐंशी सालच्या गौरींना त्याला बायकोला खूश करायची हुक्की आली. रत्नप्रभाचा पूजेचा तांब्याचा कलश काळवंडला होता. काशीरामने तो गुपचूप शेडवर नेला, घासघास घासला, निकेल दिलं, क्रोम चढवलं आणि गौर यायच्या आदल्या दिवशी तिच्यापुढे ठेवला.

"बघ! विलायती गाडीला लाजवेल."

रत्नप्रभाने कलश फिरवून फिरवून पाहिला.

"आईचं नाव कुठाय?"

काशीरामचा चेहरा उतरला. कलशाच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी 'जानकी' कोरलेलं होतं. आई गेल्यावर रत्नप्रभाकडे माहेरचं म्हणून एवढंच उरलं होतं. काळ्या पडलेल्या तांब्यावर त्याला ते ओरखडे वाटले, आणि पठ्ठ्याने एकही शिल्लक ठेवला नव्हता.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कलश मांडीवर घेऊन बसून राहिली. काशीरामला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

सकाळी त्याने शेड उघडली. दोन बंपर खोळंबले होते, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. क्रोम उतरवलं, निकेल उतरवलं, तांबं पुन्हा उघडं केलं. मग चष्मा लावून, खिळा धरून, हातोडीने एकेक ठिपका ठोकत बसला. जन्मभर ओरखडे घालवणाऱ्या माणसाला ओरखडे उमटवताना घाम फुटला. 'जा' बरा आला, 'न' कलंडला, 'की' पार खाली घसरली.

गौर घरात यायच्या आत तो कलश घेऊन पोचला. रत्नप्रभाने त्या नावावरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला.

"तिरकं आलंय जरा," काशीराम पुटपुटला. "थोडा बफ मारून परत..."

"हात तर लावून बघा!" म्हणत रत्नप्रभाने कलश पोटाशी धरला.