खुब्याचं पॅकेज

माझ्या थोरल्या जाऊबाई मोठ्या माणसांना चालायला शिकवतात. खुब्याचं ऑपरेशन झालेला माणूस डोळे उघडतो न उघडतो तोच त्या खाटेशी हजर. पुरुष असेल तर, "उठा, सासुरवाडीला आलात का?" आणि बाई असेल तर, "उठा, माहेरपण संपलं." हॉस्पिटलात त्यांना सगळे हेडमास्तरीण म्हणतात. घरात आम्हीही म्हणतो, पण त्या नसताना.

दुखतंय का, असं त्या विचारत नाहीत. दुखणारच, त्यात विचारायचं काय! त्या विचारतात, "घरी जिना आहे?" असला तर त्या माणसाला वॉर्डामागच्या खऱ्याखुऱ्या जिन्यावर नेतात आणि घाम फुटेपर्यंत चढवतात, उतरवतात. त्याशिवाय त्याला घरी सोडायला त्या राजी नसतात.

पूर्वी विमा कंपनी हॉस्पिटलला प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे द्यायची. चालवलं की एक बिल, शेक दिला की दुसरं. तेव्हा टुणटुणीत माणसालाही "अजून अशक्तपणा आहे" म्हणून ठेवून घेत, आणि ऑपरेशन उजव्या पायाचं असलं तरी शेक दोन्ही पायांना. जाऊबाई भांडायच्या. "अहो, हा माणूस आता मला चालवील! सोडा त्याला." मॅनेजर हसून म्हणायचे, "राहिला चार दिवस, तर तुमच्या पगारातून जातंय का?"

मग कंपनीनं पद्धत बदलली आणि पॅकेज आलं. एका खुब्याला एकच ठरलेली रक्कम, माणूस कितीही दिवस राहो. आणि काय सांगू, रातोरात सगळे म्हातारे तरणेबांड झाले! हाडं तीच, डॉक्टर तेच, पण टाके ओले असतानाच हातात पिशवी द्यायला लागले. आधी सोडत नव्हते, आता ठेवत नव्हते. रोग्याला इकडे आड आणि तिकडे विहीर. तूप मात्र दोन्ही वेळा यांच्याच पोळीवर.

त्यातच माझे बाबा पडले आणि त्यांचा खुबा मोडला. बाबा घड्याळजी. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे. आई गेल्यापासून दुकान हेच त्यांचं घर. जाऊबाईंच्याच हॉस्पिटलात सांधा बदलायच्या आधी ते सर्जनना एवढंच म्हणाले, "मला दुकानात जाता आलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज! जाऊबाई आडव्या आल्या. "यांना तीन मजले आहेत. अजून आठवडा तरी हवा." मॅनेजरनी बाबांना व्यायामाच्या खोलीत नेलं. तिथे लाकडाच्या तीन बुटक्या पायऱ्या आहेत, दोन्हीकडे कठडा. बाबा दातओठ खाऊन त्या चढले. "झालं की!" मॅनेजर म्हणाले. "आजोबा जिना चढतात." त्याच दुपारी शेजारच्या चौघांनी आजोबांना खुर्चीत बसवून वर नेलं.

जाऊबाई रोज कामावरून परस्पर बाबांकडे यायच्या. शिव्या घालत, चुचकारत त्यांनी बाबांना एक मजला उतरण्यापर्यंत आणलं. बाबांनी दुकानाच्या किल्ल्या पुन्हा खिशात ठेवायला सुरुवात केली होती. तेवढ्यात एका गुरुवारी जखम लाल झाली, पाणी येऊ लागलं आणि ताप चढला. मी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडची मुलगी साखर घोळून बोलली, "मंगळवारी आणा ना आजोबांना. सध्या एकही खाट रिकामी नाही." मला ते खरं वाटलं. खाटेबद्दल कोण कशाला खोटं बोलेल?

संध्याकाळी जाऊबाई आल्या. जखम बघून त्यांचा चेहरा उतरला आणि माझं बोलणं ऐकून लाल झाला.

"खाट नाही? अगं, आज दुपारी रिकाम्या खाटेवर बसून मी डबा खाल्लाय!"

मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि मला पॅकेजचा नियम सांगितला. पहिल्या ऑपरेशनपासून महिन्याच्या आत पुन्हा ऑपरेशन केलं, तर ते जुन्याच पैशांत करावं लागतं. महिना उलटल्यावर केलं की नवं पॅकेज. सोमवारी महिना भरत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताप माझ्या बाबांच्या अंगात, आणि हे लोक तारखा बघत बसले होते!

तसंच बाबांना खुर्चीत घालून खाली आणलं. हॉस्पिटलच्या दारात मॅनेजर आडवे आले. "बाई, तुम्ही आमच्या की यांच्या?"

"सरका," जाऊबाई म्हणाल्या, आणि दुपारी डबा खाल्लेल्या खाटेवर त्यांनी बाबांना स्वतःच्या हातानं झोपवलं. चार लोक बघत होते, त्यामुळे नाही कोण म्हणणार? सलाइन लागलं. आम्ही दोघी बाहेर येऊन चहा प्यायलो, लढाई जिंकल्यासारख्या.

कसली जिंकतोय! शुक्रवारी म्हणाले, आधी ताप उतरू दे. शनिवारी म्हणाले, औषधाचा गुण बघू. रविवारी सर्जन नव्हते, सोमवारी ऑपरेशनची खोली मोकळी नव्हती. रोज सकाळी कोणीतरी येऊन "आजोबा, कसं वाटतंय?" विचारून जायचं. जाऊबाई दिवसातून दहादा जाऊन भांडल्या, हात जोडले, एकदा तर रडल्या. मंगळवारी सकाळी ऑपरेशन करून जखम उघडली. पू आतपर्यंत गेला होता, नवा सांधाच काढून टाकावा लागला.

सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "थोडं आधी उघडलं असतं तर..."

"तर काय? बोला ना!" जाऊबाई ओरडल्या. "कोणी हात धरले होते तुमचे?"

विमा कंपनीनं नव्या पॅकेजचे पैसे बिनबोभाट दिले, असं नंतर कळलं.

आता बाबांचा तो पाय आखूड झालाय. वॉकर धरून ते खाटेपासून खिडकीपर्यंत जातात. जाऊबाई अजूनही येतात, पण हल्ली ओरडत नाहीत. परवा बाबांनी त्यांना विचारलं, "बाई, खाली केव्हा उतरायचं?"

रोग्याशी आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई ती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघू, पुढच्या महिन्यात." बाबांनी मान डोलावली. त्यांचा जाऊबाईंवर अजून विश्वास आहे.