प्लायच्या आतला खांब

माझं मॅचिंग सेंटर ज्या वाड्यात आहे, तिथे आता कुणी राहत नाही. खाली आम्ही पाच दुकानदार, वरचा मजला कुलूपबंद. सागवानी खांब आणि तुळया तेवढ्या जुन्या; बाकी सगळं प्लाय, काच आणि शटर. मालक गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहतात. दसऱ्याला मधल्या खांबाला कुंकू लावायला तेवढे येतात. तो खांब माझ्या शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याच्या दुकानात आहे. त्याने तो चारी बाजूंनी प्लायने झाकून टाकलाय, त्यामुळे मालक कुंकू प्लायलाच लावतात.

यंदा ते घटस्थापनेलाच उगवले. नंतरही येत राहिले. वणीला निघालेल्या बायकांना मी ओटीचे खण दाखवत होते, पण डोळा मालकांवर. छताकडे बघायचे, प्लायवर टकटक करायचे. म्हटलं, आलं लक्षात. वाडा धोकादायक ठरवला की आम्ही रस्त्यावर, आणि इथे कॉम्प्लेक्स. माझं घर या एवढ्याशा गाळ्यावर चालतं हो. पांढऱ्या अस्तरावर वरून माती पडायला लागली, तेव्हा तर वाटलं, हेच वर माणसं नाचवतायत.

दसऱ्याला ते सुतार घेऊन आले. म्हणाले, "यंदा कुंकू खांबालाच लावतो. एक फळी काढू द्या."

कव्हरवाला नाही म्हणाला. आम्ही सगळे त्याच्या बाजूने. मी तर सुनावलंच, "काका, आम्ही काय दूधखुळे आहोत?"

पण कव्हरवाला माझ्याकडे बघेना. आता माझा संशय काही एकाच माणसावर थांबणारा नाही.

"काढा हो फळी," मीच म्हटलं.

आत खांब नव्हता. खाली दगडी बैठक, वर तुळईला लोंबणारा लाकडाचा तुकडा, आणि मधे कप्पे करून कव्हरं भरलेली. माल ठेवायला जागा हवी म्हणून याने खांबच कापला होता! माझ्या गल्ल्यावरची तुळई प्लायवर टेकली होती.

सुताराने लोखंडी टेकू लावले. मालकांनी बैठकीच्या दगडाला कुंकू लावलं.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"शंका गेल्या दसऱ्यालाच आली. कुंकू लावताना प्लाय पोकळ वाजलं."

माझं डोकंच फिरलं. "आणि वर्षभर आम्हाला याच्याखाली बसू दिलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, ताई?"

उत्तर मी मघाशीच देऊन बसले होते. तरी त्यांनी सांगायला हवं होतं. टेकूखाली बसून मी अजून विचार करते, ते भिडेपायी गप्प बसले, की वाडा आपोआप पडायची वाट बघत होते.